‘मॅक’ म्हणजे स्कॉटिश, ‘ओ’ म्हणजे आयरिश? आडनावातून रक्त वाचण्याच्या थोतांडाविषयी

१/
स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या इतिहासाविषयी समाजमाध्यमांवर जे काही फिरत असते, त्यात एक नियम हटकून आढळतो. आडनावाच्या आरंभी ‘मॅक’ हे रोमन लिपीत ‘एम-ए-सी’ असे पूर्ण लिहिलेले असेल तर मनुष्य स्कॉटिश. मधला ‘ए’ गाळून ‘एम-सी’ असे लिहिलेले असेल तर आयरिश. नियम सुटसुटीत आहे, चटकन लक्षात राहतो, आणि संपूर्णतः खोटा आहे.

२/
‘एम-सी’ हा ‘मॅक’चा लेखनातील संक्षेप होय, याहून अधिक काही नाही. ‘श्रीयुत’चे ‘श्री.’ व्हावे तसा. एकाच कुटुंबाचे आडनाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसऱ्या नोंदीत संक्षिप्त, हा जुन्या कागदपत्रांतील नित्याचा प्रकार आहे. कागदावर कोणते रूप उतरले, हे लेखणी धरणाऱ्या पाद्र्याच्या किंवा कारकुनाच्या हाताच्या सवयीवर अवलंबून होते. त्या सवयीतून राष्ट्रीयत्व काढणे म्हणजे हस्ताक्षरावरून गोत्र सांगणे.

३/
या क्षुल्लक चुकीवर एवढा शब्दव्यय कशासाठी, असा प्रश्न पडेल. कारण ही चूक एकटी येत नाही. तिच्या पाठोपाठ दुसरा आणि अधिक गंभीर समज येतो: एक आडनाव म्हणजे एक मूळपुरुष, एक रक्त, एक भूमी, आणि ओघाने एक निष्ठा. या समजावर बाजार उभे राहिले, त्याच्या आधारे गुलामगिरीचा इतिहास पुसण्याचे उद्योग झाले, आणि एका शहरात तर त्याच्यापायी माणसाचे आडनाव ऐकून त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले. धाग्याच्या अखेरीस त्या शहराकडे यायचे आहे. आधी मुळाकडे.

४/
‘मॅक’ म्हणजे पुत्र. ‘ओ’ म्हणजे नातू, आणि व्यापक अर्थाने वंशज. दोन्ही शब्द गेलिक भाषेचे, आणि ही भाषा समुद्राच्या दोन्ही तीरांवर बोलली जात असे. आयर्लंडचा ईशान्य कोपरा आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा यांच्यामधली खाडी काही ठिकाणी जेमतेम वीस किलोमीटर रुंद आहे. ‘डाल रिआटा’ नावाचे प्राचीन राज्य या खाडीच्या दोन्ही अंगांना पसरले होते. डोंगराळ प्रदेशात पायी जाण्यापेक्षा नावेने जाणे सोपे होते. म्हणून पाणी येथे दोन भूभागांना जोडीत असे.

५/
त्याहून मौजेची गोष्ट अशी की लॅटिन लेखकांच्या ‘स्कोटी’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘आयर्लंडचे लोक’ असा होता. नवव्या शतकातील तत्त्वज्ञ योहानेस स्कोटस एरियुगेना हा ‘स्कोटस’ म्हणवतो, आणि तो आयर्लंडमध्ये जन्मलेला आहे. पुढे हे नाव खाडीपलीकडच्या राज्याला चिकटले आणि तिकडेच राहिले. तेव्हा ‘हे आडनाव मुळात स्कॉटिश की आयरिश?’ हा प्रश्न अनेकदा अशा काळाला विचारला जातो, ज्या काळाला तो प्रश्न कळलाच नसता.

६/
आयर्लंडमधील वंशपरंपरागत आडनावे युरोपातील सर्वांत जुन्या आडनावांपैकी आहेत. इ.स. ९१६ मध्ये पश्चिमेकडील गॉल्वे परिसरातील एका अधिपतीच्या मृत्यूची नोंद इतिवृत्तांत आहे आणि त्याचे आडनाव ‘ओ क्लेरी’ असे दिले आहे. ‘क्लेरी’ म्हणजे धर्मसेवक, लेखनिक. ब्रायन बोरू या राजाने फर्मान काढून प्रजेला आडनावे घ्यायला लावली, ही कथा फार लोकप्रिय आहे. पण ब्रायन १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला, आणि आडनावे त्याच्या राज्यारोहणापूर्वीच रुजू लागली होती. लोकांना फर्मानाची कथा आवडते. सवय हळूहळू रूढ झाली, असे म्हणण्यात नाट्य नसते.

७/
आणि ही पद्धत बापाच्या बाजूने चालणारी होती, हे विसरून चालत नाही. आयरिश भाषेत स्त्रीचे आडनाव ‘ओ’ किंवा ‘मॅक’ने सुरू होत नाही, लेकीसाठी ‘नी’ आणि ‘निक’ ही वेगळी रूपे आहेत, ज्यांचा अर्थच ‘अमक्याच्या वंशजाची कन्या’ असा. इंग्रजीकरणात ही रूपे सरकारी कागदांतून लोपली. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येक माणसाचे हिशेबाने १,०२४ पूर्वज होतात. आडनाव त्यांतील एकाचे. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ते अवाक्षर काढीत नाही.

८/
आता ‘एक आडनाव, एक मूळपुरुष’ या समजाकडे. १८९० सालच्या जन्मनोंदींच्या आधारे रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने आयर्लंडमधील आडनावांचा अहवाल तयार केला. त्यात पहिला क्रमांक मर्फी, दुसरा केली, तिसरा सलिव्हन. मर्फींची अंदाजे संख्या ६२,६०० होती.

इतके लोक एका पुरुषाचे वंशज? मुळीच नाही. ‘मुर्खू’ (सागरयोद्धा) हे मध्ययुगीन आयर्लंडमधील एक सामान्य पुरुषनाम होते. वेक्सफर्डमधील एका मुर्खूचे नातू मर्फी झाले, कॉर्कमधील दुसऱ्या मुर्खूचे वंशजही मर्फी झाले, अल्स्टरमधील तिसऱ्याचेही. केलींचे तसेच. ‘केल्लख’ नावाचे पुरुष जितक्या ठिकाणी होते, तितक्या ठिकाणी केली स्वतंत्रपणे उगवले.

९/
वॉल्श हे आडनाव तर याहून उघडे आहे. त्याचा अर्थ ‘वेल्श माणूस’. ११६९पासून नॉर्मन सरदारांच्या बरोबर वेल्समधून जे लोक आयर्लंडात उतरले, त्यांना शेजाऱ्यांनी दिलेले हे नाव. कोकणातून आलेल्या दहा घरांना घाटावरच्या दहा गावांनी ‘कोकणे’ म्हणावे आणि आठशे वर्षांनी त्यांच्या वंशजांनी एकमेकांना भाऊबंद समजून मिठ्या माराव्यात, तसा हा प्रकार.

१०/
काही आडनावे दोन्ही देशांत सारखी दिसतात आणि मुळे मात्र निराळी असतात.

कॅम्पबेल: स्कॉटलंडच्या अर्गाइलमध्ये हे ‘वाकड्या तोंडाचा’ या अर्थाचे टोपणनाव. अल्स्टरच्या टिरोन परगण्यातील अनेक कॅम्पबेल मात्र मुळात निराळ्याच गेलिक नावाचे, ज्याचा अर्थ ‘युद्धनायकाचा पुत्र’. इंग्रजी कानाला दोन्ही उच्चार जवळचे वाटले, आणि कागदावर ते एक झाले.

मरे: स्कॉटलंडमध्ये मोरे या प्रांतावरून. आयर्लंडमध्ये एका पुरुषनामावरून.

केनेडी: स्कॉटलंडच्या एअरशायरमधील केनेडी सरदार वेगळे, आणि ब्रायन बोरूच्या पित्याच्या नावाशी जोडलेले मन्स्टरचे केनेडी वेगळे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे पूर्वज वेक्सफर्डमधून गेले होते.

११/
उलटही घडते: मूळ एक, फांद्या परस्परांना न ओळखणाऱ्या. व्हायकिंगांना, विशेषतः डेन लोकांना, गेलिक भाषेत ‘काळे परके’ म्हणत, ‘दुव्गल’. त्यावरून पडलेल्या पुरुषनामापासून आयर्लंडात डॉयल झाले आणि स्कॉटलंडात मॅकडूगल. आज डॉयल म्हणजे ‘अस्सल आयरिश’ आणि मॅकडूगल म्हणजे ‘अस्सल स्कॉट’. दोन्ही अस्सलांच्या आडनावात परका बसलेला आहे.

१२/
‘ओ क्लेरी’चे पुढे काय झाले? काही क्लेरी राहिले. पुष्कळ जण क्लार्क झाले, म्हणजे इंग्लंडातील कोणत्याही क्लार्कपासून वेगळे ओळखता येणार नाहीत असे. लोहाराच्या पुत्राचे, ‘मॅक गोवन’चे, भाषांतर होऊन कॅव्हन परगण्यात ढिगाने स्मिथ तयार झाले. स्कॉटलंडमध्ये त्याच लोहारापासून गाउ हे आडनावही झाले. ‘कोनीन’ या नावात सशासाठीचा गेलिक शब्द ऐकू आला, म्हणून काही कुटुंबे ‘रॅबिट’ झाली.

आणि फिट्झपॅट्रिक. ‘फिट्झ’ हा फ्रेंच ‘पुत्र’. फिट्झजेराल्ड वगैरे घराणी खरोखर नॉर्मन. फिट्झपॅट्रिक मात्र पूर्णतः गेलिक, ‘संत पॅट्रिकच्या सेवकाचा पुत्र’. गेलिक घराण्याने नॉर्मन पेहराव चढवला तो कायमचा.

१३/
येथे एक आक्षेप रास्त आहे. आडनाव काहीच सांगत नाही का? सांगते, पण गावासह. सलिव्हन हे आडनाव कॉर्क आणि केरी परगण्यांत दाटलेले आहे. तेथील जुन्या नोंदींत ते भेटले तर त्याला अर्थ आहे. मॅकस्वीनी हे डोनेगलमध्ये भेटले तर स्कॉटलंडहून आलेल्या ‘गॅलोग्लास’ म्हणजे भाडोत्री योद्ध्यांच्या घराण्याकडे बोट दाखवता येते (आणि आज मॅकस्वीनींना कोणी स्कॉटिश म्हणत नाही, हे ओघाने). स्थळ, काळ आणि दस्तऐवज यांच्याशी बांधलेले आडनाव हा पुरावा असतो. मोकळे सुटलेले आडनाव ही अफवा असते.

१४/
दस्तऐवज पाहू लागले की पहिली ठळक गोष्ट दिसते ती सत्तेची. १४६५ साली आयर्लंडमधील इंग्रजी अंमलाखालच्या संसदेने कायदा केला: डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर येथे राहणाऱ्या आयरिश पुरुषांनी इंग्रजी वेश करावा, दाढीमिशा इंग्रजी धर्तीने राखाव्यात आणि इंग्रजी आडनाव घ्यावे. कोणते, हेही कायद्यातच: एखाद्या नगराचे, सटन, चेस्टर, ट्रिम असे, किंवा रंगाचे, व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, किंवा हुन्नराचे, स्मिथ, कार्पेंटर, किंवा हुद्द्याचे, कुक, बटलर.

आडनावांची ही सरकारी यादी वाचल्यानंतर कोणत्याही ब्राउनला ‘तुझे रक्त इंग्रज’ असे सांगण्याचे धाडस व्हायला नको.

१५/
स्कॉटलंडमध्ये याहून कठोर प्रकार झाला. १६०३च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रुइन येथे मॅकग्रेगरांनी कोलहून घराण्याच्या माणसांची कत्तल केली. ३ एप्रिल रोजी राजा सहावा जेम्स याच्या मंत्रिमंडळाने मॅकग्रेगर हे नावच नष्ट केले. ते धारण करणाऱ्यास मृत्युदंड. दोनच दिवसांनी जेम्स इंग्लंडचे सिंहासन घेण्यासाठी एडिंबरो सोडून निघाला; जाता जाता आवरलेल्या कामांपैकी हे एक.

बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. मधल्या काळात मॅकग्रेगरांनी शेजाऱ्यांची आणि आजोळची नावे घेतली: मरे, ग्रँट, ड्रमंड, स्ट्युअर्ट, आणि चक्क कॅम्पबेल, ज्यांनी त्यांच्या जमिनी गिळल्या होत्या. प्रसिद्ध रॉब रॉय हाही आईचे कॅम्पबेल हे नाव वापरीत असे. बंदी संपल्यावर काही जण परतले, काही परतलेच नाहीत. आजच्या किती कॅम्पबेलांच्या मुळाशी दडलेला मॅकग्रेगर आहे, हे आडनाव पाहून कोणी सांगून दाखवावे.

१६/
‘पण क्लॅन तर होते ना? क्लॅन म्हणजे रक्ताचे नाते.’ शब्दाचा अर्थ तसाच आहे: ‘क्लान’ म्हणजे लेकरे. (हा शब्दही गेलिकमध्ये लॅटिन ‘प्लांटा’वरून, म्हणजे रोपावरून, आलेला.) व्यवहार मात्र जमिनीचा होता. सरदाराच्या जमिनीवर राहणारा, त्याच्यासाठी हत्यार उचलणारा कुळवाडी सरदाराचे नाव लावू लागे. फ्रेझर सरदाराने आपले नाव घेणाऱ्यांना धान्याचे पीठ दिले आणि त्यांना लोक ‘पिठाचे फ्रेझर’ म्हणू लागले, अशी आख्यायिका हायलँड्समध्ये सांगत आले आहेत. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना नावांचा व्यवहार कसा चालतो हे पुरते ठाऊक होते. आजच्या भक्तांपेक्षा ते शहाणे होते.

१७/
सरदारांची नावे तरी गेलिक होती का? फ्रेझर, ग्रँट, सिंक्लेअर ही नावे नॉर्मन वळणाची. ब्रूस हे नॉर्मंडीतील ब्री या गावावरून. स्ट्युअर्ट म्हणजे कारभारी: बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन हा ब्रिटनीतील डोल या गावच्या घराण्यातला पुरुष स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी झाला, हुद्द्याचे आडनाव झाले, आणि १३७१ मध्ये ते घराणे सिंहासनावर बसले. मॅकलाउड आणि मॅकआयव्हर यांच्या पोटात ल्योत आणि ईवार ही नॉर्स नावे. मॅकडोनल्डांचा मूळपुरुष सोमरलेड (मृत्यू ११६४). त्याचे नावही नॉर्स, अर्थ ‘उन्हाळ्यात सफरीवर निघणारा’. लुईस बेटावरील मॅकॉलेंच्या मुळाशी नॉर्स ओलाफ आहे, तर अर्डिनकॅपल येथील मॅकॉले वेगळ्याच गेलिक नावाचे. भारतातील इंग्रजी शिक्षणाचा ज्याच्या नावाने आजही उद्धार होतो, तो १८३५च्या टिपणीचा कर्ता मॅकॉले याचे पितृकुळ लुईसचे.

१८/
तार्तन कापडावर कुळाची ‘प्राचीन’ खूण असते, ही श्रद्धा त्याहून तरुण आहे. १७४६च्या कायद्याने हायलँडचा पेहराव पुरुषांना निषिद्ध ठरला. कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने सोहळा रचला आणि प्रत्येक सरदाराला ‘आपले’ तार्तन शोधण्याची घाई झाली. बॅनॉकबर्नच्या विणकरांनी माल पुरवला. त्यांचे कित्येक नमुने आधी केवळ क्रमांकाने ओळखले जात.

१८४२ मध्ये दोन भावांनी कुळवार तार्तनांचा एक ‘प्राचीन’ ग्रंथ छापला. तो बनावट होता. हे भाऊ स्वतःला सोबिएस्की स्ट्युअर्ट म्हणवीत आणि राजवंशाचे नातू असल्याचा दावा करीत. त्यांचे जन्मनाव अ‍ॅलन.

१९/
याच माळेतला मणी म्हणजे ‘तुमच्या आडनावाचे राजचिन्ह’ चौकटीत घालून विकणारी दुकाने. स्कॉटिश कायद्यात राजचिन्ह आडनावाचे नसते, ते विशिष्ट व्यक्तीचे असते आणि त्यावर लॉर्ड लायनच्या न्यायालयाचा अधिकार चालतो. चौकट भिंतीवर लावायला हरकत नाही. तिला इतिहास म्हणायला आहे.

२०/
मराठी वाचकाच्या परिचयाची दोन नावे येथे आठवतात. ‘मराठ्यांचा इतिहास’ १८२६ मध्ये प्रसिद्ध करणारा, साताऱ्यास रेसिडेंट असलेला ग्रँट डफ. तो जन्माने जेम्स ग्रँट. आजोळकडची इडन येथील जहागीर मिळाली तेव्हा त्याने डफ हे नाव जोडून घेतले. म्हणजे ज्या ‘डफ’ने मराठी इतिहासलेखनात दीडशे वर्षे वाद पेटते ठेवले, ते नाव जमिनीबरोबर आले होते.

दुसरा, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम, ज्याच्या नावाने महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली. ‘माल्कम’ म्हणजे ‘कोलमचा भक्त’. हा कोलम आयर्लंडचा संत. त्याने ५६३ मध्ये स्कॉटलंडच्या आयोना बेटावर मठ स्थापला. स्कॉटलंडच्या चार राजांचे नाव आयरिश संताच्या भक्तीचे होते. कोणाचे हे नाव मग, स्कॉटिश की आयरिश?

२१/
आता अटलांटिकपलीकडे. जमैकात कॅम्पबेल या आडनावाची माणसे विपुल आहेत. काही स्कॉटिश पर्यटकांना ते पाहून गहिवर येतो: ‘आपले लोक किती दूर पोचले!’ हा गहिवर थांबवला पाहिजे. पनामातील डॅरिएन वसाहतीचा बोजवारा उडाल्यावर १७००च्या सुमारास जॉन कॅम्पबेल नावाचा सेनाधिकारी जमैकात उतरला. त्याच्यामागून नातलग आले, ऊसमळे आले, आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून पळवून आणलेली माणसे आली. गुलामांच्या नोंदवहीत एकेरी नावे असत. आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी चिकटे आणि ते बहुधा मालकाचे, मुकादमाचे किंवा मळ्याशी जोडलेल्या कोणा गोऱ्याचे असे. काहींच्या बाबतीत रक्तही मालकाचे होते, आणि ते कोणत्या बळजबरीने आले हे सांगायला नको.

२२/
१८३३च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना. ज्यांना मुक्त केले त्यांना एक पेनीही नाही. उलट १८३८पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी राबावे लागले. भरपाईच्या दाव्यांत स्कॉटिश आणि आयरिश आडनावे रांगेने उभी आहेत. जमैकाच्या कॅम्पबेलाचे आडनाव स्कॉटलंडची गौरवगाथा सांगत नाही, ते स्कॉटलंडच्या खतावणीतले पान आहे.

२३/
‘आयरिश लोकांचे तसे नव्हते, तेच गुलाम होते’, हा प्रतिवाद अमेरिकेत गेली काही वर्षे जोरात चालतो. क्रॉमवेलच्या काळात, १६५०च्या दशकात, हजारो आयरिशांना बार्बाडोस आदी बेटांवर बळजबरीने धाडले गेले, त्यांचे हाल झाले, पुष्कळ मेले. हे सर्व खरे. पण ते मुदतबंद मजूर होते. मुदत संपे. त्यांची लेकरे जन्मतः कोणाची मालमत्ता ठरत नसत. आफ्रिकन स्त्रीचे मूल मात्र ठरे. हा फरक झाकण्यासाठीच ‘आयरिश गुलाम’ हा शब्दप्रयोग चालवला जातो, आणि पुरावा म्हणून कॅरिबियनमधील आयरिश आडनावे दाखवली जातात.

२४/
तर मग मॉन्टसेराट पाहावे. या बेटावरील गोऱ्यांत बहुसंख्य आयरिश होते. आज तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांत रायली, डेली, फॅरेल ही आडनावे आहेत. १७६८ मध्ये तेथील गुलामांनी उठावाचा दिवस ठरवला १७ मार्च, संत पॅट्रिकचा सण. कारण त्या दिवशी आयरिश मालक मेजवानीत दंग असणार. बेत फुटला आणि पुढारी फासावर चढले. मॉन्टसेराटमध्ये १७ मार्चला आजही सार्वजनिक सुट्टी असते, ती या दुहेरी स्मृतीने.

२५/
याच्या समोर फ्रेडरिक डग्लसचे नाव ठेवावे. जन्मनाव बेली. १८३८ मध्ये गुलामीतून निसटल्यावर ओळख लपवण्यासाठी नवे आडनाव हवे होते. ज्या घरी आश्रय मिळाला त्या यजमानाने नुकतेच वॉल्टर स्कॉटचे ‘लेडी ऑफ द लेक’ वाचले होते. त्यातील पात्राचे डग्लस हे नाव त्याने सुचवले. फ्रेडरिकने ते घेतले, शेवटी एक ‘एस’ जादा लावून. १८४५-४६ मध्ये तो आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये फिरला आणि स्कॉटलंडमधील फ्री चर्चने अमेरिकेतील गुलाममालकांकडून घेतलेली देणगी परत करावी म्हणून रान उठवले. डग्लसांच्या देशात येऊन डग्लसने जाब विचारला. त्याच्यात डग्लस घराण्याच्या रक्ताचा थेंब नव्हता, आणि त्या नावाची कीर्ती त्याच्याइतकी जगभर कोणत्या सरदाराने नेली?

२६/
अलीकडे जनुकचाचणीचा आधार पुढे केला जातो. चाचणी रक्तवाद्यांची फारशी सोय करीत नाही. सोमरलेडच्या पितृवंशाशी जोडलेली खूण मॅकडोनल्ड सरदार-घराण्यांत सापडते. मॅकडोनल्ड आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांत सापडत नाही. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी वायव्य आयर्लंडमधील जवळपास पाचांतील एका पुरुषात आढळणारी एक खूण पौराणिक राजा नायल याच्याशी जोडली. वृत्तपत्रे नाचली. पुढील कालगणनेत ती खूण नायलच्या काळाहून जुनी असल्याचे दिसू लागले, आणि ती स्कॉटलंडच्या सखल भागातही आढळतेच. ही बातमी कोणी नाचत छापली नाही.

२७/
आता ते शहर: बेलफास्ट. १६०९पासून अल्स्टरमध्ये स्कॉट आणि इंग्रज प्रॉटेस्टंट वसवले गेले, आणि मूळचे कॅथलिक आयरिश जमिनींवरून हटवले गेले. तेव्हापासून तेथे नावावरून धर्म ताडण्याची कला रुजली. आडनाव, पहिले नाव, शाळा, वस्ती. मानववंशशास्त्रज्ञ त्याला ‘टेलिंग’ म्हणतात, ओळखून काढणे. नोकरीच्या अर्जावर ते चाले. १९६९ ते १९९८च्या दरम्यान, सुमारे ३,५०० माणसे मेली त्या काळात, रस्त्यावर अडवलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले आडनाव ही जोखमीची गोष्ट होती.

२८/
आणि ती कला नित्य फसे. चार शतकांत धर्म बदलले होते, विवाह झाले होते, ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळले होते आणि परत लागले होते. प्रजासत्ताकवादी नेते जेरी अ‍ॅडम्स यांचे आडनाव इंग्रजी वळणाचे. शांततेचे नोबेल मिळवणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांचे आडनाव स्कॉटिश सीमाप्रदेशातले. दुसऱ्या टोकाला लेनी मर्फी. १९७०च्या दशकात बेलफास्टमध्ये कॅथलिकांना पळवून, सुऱ्यांनी छळून मारणाऱ्या ‘शँकिल बुचर्स’ या प्रॉटेस्टंट टोळीचा हा म्होरक्या. मर्फी हे आडनाव कॅथलिक समजले जाई, आणि लहानपणी त्याला त्यावरून हिणवले जात असे, असे त्याच्यावरील लेखनात वारंवार येते. त्या हिणवण्यातून खुनी तयार झाला असा सरळ हिशेब मांडणे उथळपणाचे ठरेल. पण शेजाऱ्याचे आडनाव ऐकून त्याचा शत्रू-मित्रभाव ठरवणाऱ्या समाजात तो वाढला, हे लपत नाही.

२९/
१९६३ ते १९६९ या काळात उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान होते टेरेन्स ओ’नील. युनियनिस्ट, प्रॉटेस्टंट, आणि आडनाव अल्स्टरच्या गेलिक राजघराण्याचे, इंग्रजांशी अखेरपर्यंत लढलेल्या ह्यू ओ’नीलचे. ‘पाहा, जुने रक्त!’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. वस्तुस्थिती अशी: १८५५ मध्ये विल्यम चिचेस्टर नावाच्या पाद्र्याला ओ’नील घराण्याची मालमत्ता वारसाने मिळाली आणि त्याने राजाज्ञेने चिचेस्टर टाकून ओ’नील हे नाव घेतले. टेरेन्स त्याच्या वंशातले. स्त्रीकडून ओ’नीलांशी दूरचे नाते होते. पितृवंश मात्र चिचेस्टरांचा. ह्यू ओ’नील १६०७ मध्ये आयर्लंड सोडून गेल्यावर त्याच्या प्रदेशात वसाहतीची योजना अमलात आणणारा इंग्रज प्रशासक याच घराण्यातला होता. त्याचे नाव आर्थर चिचेस्टर.